नाकाबंदीच्या बातमीत कोर्टही येऊ द्या

महोदय,

थर्टीफर्स्ट जवळ आला की आपल्या पानावर गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या नाकाबंदीची बातमी येते. किती तळीराम सापडले तो आकडा छापला जातो आणि विषय तिथे संपतो. मी नाशिकच्या न्यायालयात फौजदारी विभागात लिपिक होतो. सापडलेल्या माणसाचं प्रकरण पुढे कसं चालतं, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणून लिहितो आहे.

सिग्नल तोडल्यावर चलन भरून मोकळं होता येतं, तसं इथे होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा, गुन्हा रस्त्यावर दंड घेऊन मिटवता येत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड दोन हजारांपर्यंतच होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तोच आकडा असतो. मशीनमध्ये फुंकायला नकार दिला की सुटलो, असंही बरेच जण समजतात. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार त्याच्याच विरोधात धरता येतो.

गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे घाबरून गाव सोडायचं कारण नाही. पण तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. पुकारा झाला की उभं राहायचं. न्यायाधीश आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का?

सगळी गफलत या एका प्रश्नापाशी होते. टोमॅटोचे क्रेट पिंपळगावच्या बाजार समितीत पोचवणारा एक पिकअपचालक मला विचारत होता, "काका, दहा हजार भरले की संपलं ना?" संपत नाही. कबुली दिली की न्यायालय दोषी ठरवू शकतं, आणि दोषी ठरलात की त्याची नोंद कायम राहते. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरलेल्याला न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवायला अपात्र ठरवावं, असं कायदाच सांगतो. ज्याचं पोट लायसन्सवर चालतं, त्याला दहा हजारांपेक्षा ही गोष्ट कितीतरी जड जाते. त्या पोराला हे कोणीही सांगितलेलं नव्हतं.

कबूल नसेल तर नाही म्हणण्याचा हक्क आहे. मग सरकार पक्षाला पुरावा द्यावा लागतो: मशीनची पावती, पोलिसांची साक्ष, डॉक्टरांनी केलेली तपासणी, रक्त घेतलं असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल. यात तारखा पडतात, रोजगार बुडतो, हेही खरं. पण निर्णय ज्याचा त्याने वकिलाशी बोलून घ्यावा, बाकावर शेजारी बसलेल्याने सांगितलं म्हणून नव्हे.

आणि आवारात फिरणारे दलाल! "साहेबांशी बोलणं झालंय, पाच हजार द्या, नाव निघून जाईल." एका आईने कानातलं गहाण ठेवून असे पैसे दिले होते. मुलाला दंड झाला तो झालाच, वर ते पैसेही गेले. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे त्या माऊलीला आधी कळलं असतं तर तिने त्या माणसाला दारात उभं केलं नसतं.

पिऊन गाडी चालवणाऱ्याची मी बाजू घेत नाही. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. द्वारका चौकात पायी रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव त्याच्या हातात असतो. मात्र काय कबूल करतो आहोत हे न कळता दिलेली कबुली मला न्यायाची वाटत नाही. दंड भरून बाहेर पडलेला माणूस सुटलो म्हणत पुन्हा त्याच अवस्थेत गाडी काढतो, तेही मी पाहिलं आहे.

तेव्हा यंदा नाकाबंदीच्या बातमीशेजारी एक लहानशी चौकट द्यावी: समन्स आल्यावर काय करायचं, कबुलीचे परिणाम काय, मोफत वकील कुठे मागायचा. मजकूर एखाद्या वकिलाकडून तपासून घ्यावा. जुजबी कच्चा मसुदा मी आनंदाने लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक,
इंदिरानगर, नाशिक