बेस गिटार घेताना आधी मुलीचा हात बघा

मा. संपादक,

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की कॉलेजात बँड जमू लागतात. गिटारवाले पाच मिळतात, बेसला, म्हणजे खालचे, खर्जातले सूर देणाऱ्या गिटारला, कुणी नसतं. माझी अकरावीतली भाची यंदा बेस वाजवायला तयार झाली. मी स्वतः बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला आहे, त्यामुळे मला फार आनंद झाला. पण दिवाळीत घरच्यांनी घाईघाईने पाच तारांचा चकचकीत बेस आणला. ‘पाच तारा घ्या, पुढे बदलायला नको,’ असं दुकानदार म्हणाला होता. महिन्याभरात पोर रडकुंडीला आली. बोटांना फोड, मनगटात कळ. ‘मामा, माझ्या हातात ताकदच नाही हो.’

मी वाद्य मांडीवर घेतलं. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तारेखाली रुपयाची तीन नाणी सहज सरकली! तिथे दीड नाण्याएवढी फट पुरते. नेक, म्हणजे वाद्याची मान, पुढे वाकली होती. एलन कीने ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई, पाव फेरा आवळला, घोडीवरचे सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, एकेक करून खाली घेतले. अर्ध्या तासाचं काम. त्याच संध्याकाळी ती न थांबता अख्खं गाणं वाजवत होती. दोष वाद्याच्या जुळवणीत होता आणि महिनाभर पोरीने तो स्वतःच्या माथी घेतला, याचा मला राग येतो.

मिरजेत राहून हे पाहवत नाही. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला कारागीर जवारी काढल्याशिवाय, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणल्याशिवाय, तंबोरा गिऱ्हाइकाला देत नाही. घोडी घासायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायची. बेस मात्र खोक्यातून निघतो तसाच हातात दिला जातो.

दुसरी गोष्ट मापाची. अमेरिकी गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य आणलं, तेव्हापासून तारेची ३४ इंच लांबी हेच नेहमीचं माप झालं. त्यात पहिल्या फ्रेटचं घर जवळपास पाच सेंटिमीटरचं. लहान हाताला ते ताणतं. ३० इंची, आखूड तारेचा ‘शॉर्ट स्केल’ बेसही मिळतो, पण तो मागावा लागतो. शिकायला ई, ए, डी, जी या चार तारा भरपूर झाल्या. आणि मोबाइलवर व्हिडिओ ऐकून निवड करू नका. सर्वांत खालची ई ४१ हर्ट्झची, ती त्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही.

दुकानदारांना विनंती, सेटअप, म्हणजे अशी जुळवणी, केल्याशिवाय बेस विकू नका. पालकांनी मुलाला दुकानातच आधी बसवून, मग पट्टा अडकवून दहा मिनिटं उभं करून वाजवायला लावावं. खांदा दुखला, पहिल्या फ्रेटपर्यंत हात पोचला नाही, तर दुसरा बेस काढायला सांगावा.

— ऑर्केस्ट्रातील एक जुना बेसवादक, मिरज