नातीला खरं सांगू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आईच्या आजाराचा विषय काढला की बाबा लगेच पावसापाण्याचं विचारतात, म्हणून लिहितेय.

दिवाळीत रंकाळ्यावर फिरताना तुमच्या नातीनं मला विचारलं, "आजी सारखी का झोपते? माझ्यावर रागावलीय का?" आजी आजारी आहे, एवढं सांगितलं. आजाराचं नावही तिला सांगावं असं मला वाटतं. पण आजार तुझा आहे आई, म्हणून आधी तुला विचारते.

तिच्या वयाची असताना मलाही हाच प्रश्न पडायचा. तू रात्र रात्र जागायचीस, महाद्वार रोडवरून उधारीवर साड्या आणून गल्लीत वाटायचीस, मध्यरात्री पातेलंभर तांबडा रस्सा करून आम्हाला उठवायचीस. तेव्हा तू मला फार आवडायचीस, हेही खरंच. मग कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. माझी वेणी मीच घालायला शिकले. शाळेतून आल्यावर तुझ्या पहिल्या हाकेवरून संध्याकाळ कशी जाणार ते मला कळायचं. कुणी म्हणालं अंगात येतंय, मग देवरुष्याचा अंगाराही झाला. घरात येणारी-जाणारी माणसं मला बजावायची, "आईला त्रास दिलास की तिचं डोकं बिघडतं बघ." मला ते खरं वाटायचं. गणितात मार्क कमी पडले तर आई माझ्यामुळं आजारी पडणार, या भीतीनं मी अंथरुणात जागी असायचे.

बाबा, तुम्ही शेजाऱ्यांना "बीपीचा त्रास" म्हणून सांगायचात आणि मलाही तेच. आईला कुणी खुळी म्हणू नये म्हणून केलंत, ते कळतं मला. पण पोरांना काही सांगितलं नाही की ती आपापलं कारण शोधतात, आणि दोष स्वतःकडेच घेतात. बायपोलर, म्हणजे मन कधी अति उसळतं तर कधी पार खचतं असा आजार, हे नाव मी कॉलेजात असताना कपाटातल्या फायलीत वाचलं. त्या दिवशी कळलं की यात माझा काही दोष नव्हता, आणि आईचाही नव्हता.

पुढं कधीतरी ती विचारेल, मलाही होईल का? या भीतीनं मी लग्न लांबवलं होतं, तुम्हाला कधी बोलले नाही. एरवी शंभरात साधारण एकाला होणारा हा आजार आईला किंवा वडिलांना असेल, तर मुलांमध्ये शंभरात पाच ते दहा जणांना होतो. बाकीच्यांना होत नाही. ती तर नात, तिचा धोका आणखी कमी. हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आता बाबा, तुमच्यासाठी. 2019 च्या पुरात हायवे बंद, दूध-पेट्रोल मिळेना, तेव्हा तुम्ही आईच्या गोळ्यांसाठी औषधांची दुकानं पालथी घातलीत. त्या गोळ्यांतलं लिथियम एकदम थांबलं तर आजार उलटतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं हे सगळं एकट्यानं सांभाळलंत. आता यातलं थोडं मला द्या. रक्तातलं लिथियम, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्यांच्या तारखा माझ्याकडं राहू देत. रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. आणि तुमची गुडघेदुखीची गोळी आईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तसल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. उन्हाळ्यात तिला पाणी कमी पडू देऊ नका, मीठही एकदम तोडू नका. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 वर फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आई, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुला एक हक्क दिलाय. पुन्हा जास्त झालं तर कसले उपचार हवेत, कसले नकोत, आणि तुझ्या वतीनं कुणी बोलायचं, हे तू बरी असतानाच लिहून ठेवू शकतेस. मागं तुला न विचारता बरंच काही झालं. या वेळी तुझ्या शब्दांत लिहू. माझं नाव घातलंस तर मला आवडेल, बाबांचं घातलंस तरी चालेल.

शनिवारी कोयना एक्सप्रेसनं येतेय, एकटीच. नातीला सांगायचं की नाही ते तू समोर बसून सांग. नको म्हणालीस तर थांबेन, पण मग तिला काय सांगायचं ते आपण तिघं मिळून ठरवू.

तुमची,
ताई