सह्याद्रीची चूल बघायला आपली मुलं निघालीत, हातभार लावा

सस्नेह नमस्कार.

यंदाच्या एप्रिलात माजी विद्यार्थी मंडळाच्या कामासाठी महाविद्यालयात गेलो होतो. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड सोडवत होती. तिचे वडील विहिरी खणतात, त्यांनीच तो खालून काढून दिला होता. गाभा काळा, टणक. भोवती पिवळट पापुद्रे, कांद्यासारखे. तिनं नखानं एक पापुद्रा सोलला तर त्याचा भुगा झाला. "सर, वरचा जांभा आणि खालचा हा कातळ मुळात एकच ना?" तिनं विचारलं.

एकच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले, त्यांचा काळा कातळ झाला. कोकणच्या पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, तो आपला जांभा. ज्या चिऱ्याच्या घरात आपण जन्मलो, तो चिरासुद्धा मूळचा लाव्हाच.

हा लाव्हा आला कुठून? जमिनीच्या खोल पोटातली एक चूल पेटती होती आणि आपला भूखंड तव्यासारखा तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. चूल मागेच राहिली. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस हा सगळा तिचाच माग, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आज ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. उंची २,६३२ मीटर, आणि नावातल्या 'फुर्नेज'चा अर्थच मुळी भट्टी. २००७ च्या एप्रिलात त्याचा लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात उतरला आणि माथ्यावरचं विवर खाली खचलं.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी दोन शिक्षकांसह दहा दिवसांसाठी मॉरिशस आणि रियुनियनला अभ्यासाला जाणार आहेत.

"एवढ्या लांब कशाला? आपले घाट काय कमी आहेत?" हे आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. कुंभार्ली आणि आंबा घाट ही मुलं पायी फिरलीत. पण कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसानं आपला कातळ झिजलाय, त्यावरची खूण ओळखायला डोळा तयार असावा लागतो. रियुनियनला काही वर्षांपूर्वीचाच लाव्हा पायाखाली असतो, दोरखंडाचा पीळ द्यावा तसा गोठलेला. तो एकदा पाहिला की घाटातल्या पुसट रेषा वाचता येतात. मॉरिशसच्या शामारेलला त्याच चुलीतल्या जुन्या लाव्हाची कुजून झालेली रंगीत माती आहे, आमच्या जांभ्याची सख्खी बहीणच.

आणि हे वाचता येणं आपल्याला का हवं, ते वेगळं सांगायला नको. २०२१ च्या जुलैत महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली, तो दिवस कोकणात कोण विसरेल? डोंगरात पाणी कुठे मुरतं, दोन थरांमधली तांबडी माती कुठे घसरेल, विहिरीला पाणी कुठे लागेल, हे ओळखणारी माणसं आपल्याच गावची असावीत, असं मंडळाला मनापासून वाटतं.

पालकांनी काळजी करू नये. १९७९ पासून रियुनियनची वेधशाळा ज्वालामुखीवर लक्ष ठेवून आहे. उद्रेकाची चाहूल लागली की विवराकडचा भाग बंद करतात.

आता खर्चाचं. प्रत्येकी १ लाख ४० हजार, म्हणजे एकूण १९ लाख ६० हजार रुपये. शिक्षक स्वतःचा खर्च स्वतः करत आहेत. मुलं प्रत्येकी ४० हजार उभे करणार. कुणाचे वडील ट्रॉलरवर खलाशी, कुणाचे आंब्याच्या बागेत राखणदार; त्यांच्यासाठी ४० हजार ही लहान रक्कम नाही. उरलेल्या १४ लाखांपैकी ५ लाख २५ हजार जमले. ८ लाख ७५ हजार अजून हवेत. एका दात्यानं मोठी रक्कम कबूल केली होती, पण त्यांना ती देणं जमलं नाही, म्हणून हे पत्र उशिरा निघतंय.

मॉरिशसमध्ये पूर्वी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या कोकणी माणसांचे वंशज आजही मराठीपण जपून आहेत. तिथल्या काही कुटुंबांनी आपल्या मुलांना चार रात्री घरी ठेवून घ्यायचं कबूल केलंय. "मुलं आपलीच आहेत," असा त्यांचा निरोप आला, तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

चाकरमान्यांनो, गणपतीला गावी याल तेव्हा मंडळाच्या कार्यालयात जरूर या. पाचशे रुपयेही चालतील, रीतसर पावती मिळेल. धनादेश मंडळाच्या नावानं द्यावा. पैसे शक्य नसतील तर चांगल्या अवस्थेतले डोंगरात चालायचे बूट, रेनकोट, गरम जाकिटं द्या. माथ्यावर पहाटे कडाक्याची थंडी असते. सहा भूशास्त्रीय हातोडे आणि चौदा भिंगंही हवी आहेत. अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभरात विमानाची तिकिटं काढायची आहेत, तेवढी मुदत ध्यानात असू द्या.

तो विहिरीतला दगड कार्यालयातल्या टेबलावर ठेवलाय. आलात की हातात घेऊन बघा.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ