मला हात करून खाली बसवलंत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर बोलायला गेले तर घसा दाटून येतो, म्हणून लिहिते आहे.

माझी लेक १२ वर्षांची. चौथीत असताना बाळदमा निघाला. तेव्हाच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "पळू देऊ नका," आणि पुढचा नंबर पुकारला. ते एक वाक्य आम्ही ३ वर्षं पाळलं. पीटीच्या तासाला माझी पोर कडुनिंबाखाली बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. वजन वाढलं, जिना चढताना धाप लागायला लागली. तोही दमाच समजून आम्ही तिला आणखी बसवून ठेवलं. त्या डॉक्टरांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिला प्रश्न मला नाही, तिला विचारलात. "काय खेळायला आवडतं गं?" ती म्हणाली, "खो-खो." मला, तिच्या आईला, हे माहीत नव्हतं.

तपासणी झाली, रोजचा पंप सुरू झाला. पण मनातून हलत नाही ते दवाखान्यामागचं अंगण. बाहेर पेशंट ताटकळत होते आणि तुम्ही पदर खोचून तिच्याबरोबर पळत होतात! ती धापा टाकू लागली तशी मी उठले. तुम्ही मला हात करून खाली बसवलंत आणि तिचा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवलात. "बघ, मलापण धाप लागलीये. पळालं की लागतेच. छातीत शिट्टी वाजली, तर मात्र थांबायचं आणि पंप घ्यायचा."

३ वर्षांत तिला कुणी एवढं साधं समजावलं नव्हतं.

चिठ्ठीत औषधांच्याही वर लिहिलंत, "रोज १ तास खेळ." ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते आणि दमा आटोक्यात असलेल्या मुलांनीही खेळायचंच असतं, हे तुमच्यामुळे कळलं. मोठाली यंत्रं असलेले दवाखाने आम्ही पाहिले होते. लेकराकडे बघून बोलणारं माणूस तुमच्याकडे भेटलं.

काल ती मैदानावरून आली. गुडघा खरचटलेला, केस विस्कटलेले. माझा हात ओढून तिने छातीवर ठेवला.

"आई, धाप लागलीये. पण शिट्टी नाही."

तुमची ऋणी,
एक आई