वाघोलीच्या कातळातील खनिजांची नोंद व्हावी

महोदय,

पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींची चर्चा धूळ आणि सुरुंगांपुरतीच होते. त्या कातळात पाण्याने घडविलेल्या खनिजांकडे कोणाचे लक्ष जात नाही, याचे वाईट वाटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने अडकून राहिले. पुढे भेगांतून झिरपलेल्या उष्ण पाण्याने बेसाल्टमधील, म्हणजे त्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळातील, ज्वालामुखी काच आणि फेल्डस्पार हे खनिज यांचे विघटन करून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम व सोडियम विरघळवून घेतले आणि पाण्याचे तापमान व घटक बदलत गेले तसतशी त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साचत गेली. फुटलेल्या दगडात ही क्रमवारी डोळ्यांनी वाचता येते: कडेला अनेकदा हिरवट मृद्खनिजाचा पातळ थर, त्यावर स्टिल्बाइटचे फिकट स्फटिक आणि वाघोलीत क्वचित त्यांवर बसलेले कॅव्हन्साइटचे गर्द निळे गुच्छ. हे व्हॅनेडियमयुक्त खनिज जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

नमुना कोणत्या थरातून, कोणत्या खनिजांच्या सोबतीने निघाला हे लिहून ठेवले नाही, तर तो केवळ शोभेची वस्तू उरतो. म्हणून खाणपरवाना देतानाच अशा पोकळ्यांची छायाचित्रे व स्थाननोंद बंधनकारक करावी आणि निवडक नमुने जवळच्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांकडे सोपवावेत, अशी शासनाला विनंती आहे.

– एक वाचक, पुणे