‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॉस्पिसतर्फे, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेतर्फे, घरोघरी जाणाऱ्या माणसांविषयी काही छापून आलं की ‘देवमाणसं’ हा शब्द हमखास येतो. वडील गेले तेव्हा दारात सिस्टरांचे हात धरून मीही तेच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, शिकून येतं हे.” त्या बोलण्याचा अर्थ आता उमगतोय, म्हणून हे पत्र.

वडिलांचे शेवटचे सात आठवडे घरीच गेले. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर वेळा लिहून दिल्या. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते. सवय लागेल, ही आमची भीती. दुखण्यावर मापून दिलेलं औषध आणि व्यसन यांतला फरक त्यांनी तीनदा समजावला, तिसऱ्यांदा आईला एकटीला घेऊन. पुढे वडिलांचं खाणं सुटलं. आई चमचा घेऊन मागे लागायची. “खात नाहीत म्हणून जात नाहीयेत ते, शरीर आवरतं घेतंय म्हणून खात नाहीत,” असं म्हणत सिस्टरांनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि ओला कापूस दिला. ओठ कसे टिपायचे, हिरड्या कशा पुसायच्या, सगळं दाखवलं. शेवटच्या दिवसापर्यंत आईला करण्यासारखं काहीतरी राहिलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

बुधवारी एक स्वयंसेवक काका यायचे. दोन तास नुसते बसायचे आणि तेवढ्यात आई झोपून घ्यायची. एकदा वडिलांनी विचारलं, “किती दिवस राहिले हो?” आम्ही कुणीही ‘असं काय बोलता’ म्हणून विषय बदलला असता. काकांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “तुम्हाला काय वाटतंय?” त्या दुपारी वडील बरंच बोलले. आमच्याजवळ ते तसं कधीच बोलले नव्हते.

महिन्याभराने काका आईला भेटायला आले. निघताना मी सहज विचारलं, हे कितवं घर? “मोजत नाही,” म्हणाले आणि चपला घालताना बराच वेळ मान वर केली नाही. त्यांच्याजवळ कोण बसतं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. एवढं शिकून त्या तिथवर पोहोचल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी 5.68 कोटी लोकांना अशा उपशामक उपचारांची गरज असते. ते मिळतात जेमतेम 14 टक्क्यांना. माणसं कमी आहेत, आणि आहेत ती दमून गळतात. देव दमत नाहीत असं आपण धरून चालतो, तिथेच चूक होते.

या कामातल्या सिस्टरांना दवाखान्यातल्या नर्सइतकाच पगार द्या. स्वयंसेवकांना नीट प्रशिक्षण द्या आणि अनुभवी माणसाजवळ मन मोकळं करायला ठरलेला वार ठेवा. आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती, एका घरातलं माणूस गेलं की दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात नवा पत्ता ठेवू नका.

आपली,
एक वाचक