रेल्वेवरून अग्नी: १९९९ विसरू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये अग्नी-प्राइम या क्षेपणास्त्राची रेल्वेवरून चाचणी झाली. त्या चाचणीबद्दल ‘रेल्वेवरून पहिलेच क्षेपणास्त्र’ असे सरसकट लिहिले जाते, ते दुरुस्त व्हावे. ११ एप्रिल १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या व्हीलर बेटावरून अग्नी-२ उडाले तेही रेल्वेच्या डब्यातूनच. डब्याचे छप्पर सरकवायचे, हायड्रॉलिक दट्ट्यांनी क्षेपणास्त्र उभे करायचे आणि मग डागायचे, अशी ती रचना होती. नवे आहे ते कॅनिस्टर, म्हणजे बंद नळकांडे. त्यात क्षेपणास्त्र दमट हवा आणि धुळीपासून सुरक्षित राहते, शिवाय डागण्याआधीची तयारी कमी होते.

१९९९ चे ते काम १९८९ मध्ये का जमले नसते, हे समजून घेण्यासारखे आहे. २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून उडालेले पहिले अग्नी हे लष्कराला देण्यासाठी बनवलेले अस्त्र नव्हते, ती तंत्रज्ञानाची परीक्षा होती. पहिल्या टप्प्याला एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाची घन इंधनाची मोटर (घन इंधनाचे रॉकेट इंजिन) होती आणि दुसऱ्याला ‘पृथ्वी’ या क्षेपणास्त्राचे द्रव इंधनाचे इंजिन. पृथ्वीच्या इंधनासोबत लागणारे, धूर सोडणारे नायट्रिक आम्ल टाक्या आणि सील खाते. भरलेली टाकी घेऊन गाडी देशभर फिरवणे धोक्याचे, आणि ऐनवेळी भरायचे तर टँकर, संरक्षक पोशाखातली माणसे आणि वेळ, सगळेच लागते. त्या उड्डाणात खरे पाहायचे होते ते वातावरणात परतताना अग्रभाग, म्हणजे स्फोटके वाहून नेणारे टोक, टिकतो का. बाहेर सुमारे ३००० अंश सेल्सिअस, आतली उपकरणे मात्र ४० अंशांच्या आसपास राहिली पाहिजेत. कार्बन-कार्बन संमिश्राच्या आवरणाने ते साधले. माझ्या मते अग्नीचे सर्वांत मोठे यश हेच, पल्ल्याचा आकडा नव्हे.

मे १९९२ चे उड्डाण फसले, फेब्रुवारी १९९४ चे साधले, मग पाच वर्षे खंड पडला. अग्नी-२ मध्ये दोन्ही टप्पे घन इंधनाचे झाले. लांबी सुमारे २० मीटर, पल्ला २००० किलोमीटरच्या वर. इंधन कारखान्यातच ओतून घट्ट केलेले असते, म्हणून ते गाडीवर चढू शकले.

घन इंधन म्हणजे बिनघोर, असेही नाही. ओतताना हवेची पोकळी राहिली, थंड होताना तडा गेला किंवा इंधन मोटरीच्या बाहेरच्या कवचापासून सुटले, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि तप्त वायू थेट कवचाला भिडतो. म्हणून मोटरींची क्ष-किरण तपासणी करतात. एकदा पेटलेली मोटर विझवता येत नाही, त्यामुळे वेगाचा सगळा हिशेब मार्गदर्शन संगणकावर येतो.

मे आणि नोव्हेंबर २००९ मध्ये अग्नी-२ ची दोन उड्डाणे फसली. १७ मे २०१० रोजी ते पुन्हा यशस्वी झाले. आराखडा सिद्ध होणे वेगळे आणि कारखान्यातून येणारा प्रत्येक नग तसाच निघणे वेगळे. फसलेल्या चाचणीची बातमीही यशस्वी चाचणीइतक्याच जागेत यावी.

आणखी एक विनंती. पल्ला छापताना तो किती वजनाच्या अग्रभागासाठी आहे, हेही द्यावे. भार घटवला की तेच क्षेपणास्त्र अधिक लांब जाते, आणि वजनाविना दिलेले दोन पल्ले शेजारी ठेवून तुलना होऊ शकत नाही.

आपला,
क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक, पुणे